नवं इंजिन आणि भोंग्याचे कान

भोंग्याला भोंगा का म्हणतात, हे त्याच्याशी दोन मिनिटं बोललेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नसे. "काय, झालं का जेवण?" एवढंच शेजाऱ्याला विचारायचं असलं, तरी तो अशा पट्टीत विचारी, की तीन घरं सोडून चौथ्या घरातली माणसंही "झालं, झालं" म्हणून आतून ओरडत. त्याला कारणही तसंच होतं. एकतीस वर्षं हा गृहस्थ एकच व्हॅन चालवत होता, आणि त्या व्हॅनचं इंजिन शहाण्या गाड्यांसारखं पुढे नाकात नव्हतं. ते पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या एका उंच खोक्याखाली, भोंग्याच्या मांडीला मांडी लावून बसलेलं होतं. असं इंजिन बोलायला लागलं की शेजारच्या माणसानं एक तर गप्प बसायचं, नाहीतर त्याच्यावर आवाज चढवायचा. भोंग्यानं आवाज चढवला, आणि गाडीतून उतरल्यावर तो खाली आणायचं त्याला कधी जमलंच नाही.

लोकांनी यावरून ठरवून टाकलं, की याचे कान गेले. ते साफ चुकीचं होतं. भोंग्याचे कान ठणठणीत होते. पण एकदा तुम्ही बहिरे ठरलात, की कुणी तुमच्याकरवी निरोप धाडत नाही, भांडणात तुम्हाला साक्षीला ओढत नाही, आणि तुमच्यासमोर माणसं खुशाल खरं बोलतात. एवढ्या सोयी हातच्या कोण घालवेल? भोंग्यानं हा गैरसमज जिवापाड जपला होता. घरचा-बाहेरचा असा भेदभाव त्यानं केला नाही. बायकोपुढेही तो तितकाच बहिरा होता.

बायको इंजिनाच्या पलीकडे बसे. दोघं मिळून वेताच्या खुर्च्या दुरुस्त करत. शाळा, दवाखाने, हॉटेलं, कचेऱ्या, जिथे म्हणून माणसं बसून बसून खुर्चीला भोक पाडतात, तिथे ही व्हॅन जाई. जाई ती मागच्या दारानं, कारण मोडक्या खुर्च्या कुणी पुढच्या दारात ठेवत नाही. भोंगा खुर्च्या उतरवी, लाकूड घासून काढी, खिळे ठोकी. बायको भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या मांडीवर घेऊन बैठक विणी. तिचा हात असा, की तिनं विणलेली खुर्ची दहा वर्षं पुन्हा तोंड दाखवत नसे. धंद्याच्या दृष्टीनं हे काही बरं नव्हतं, पण ते तिला सांगण्याची भोंग्याची छाती नव्हती.

गाडीत दोघांचं बोलणं होत नसे. होणार कसं? एक बोट वर केलं म्हणजे पाणी हवं, दोन बोटं म्हणजे थांबा, आणि डोळे मोठे केले म्हणजे तुम्ही वळण चुकलात, एवढ्यावर संसार चाले. बाकीचा वेळ बायको समोरच्या काचेकडे बघत राही आणि तिचे ओठ हलत राहत. भोंग्याची समजूत होती, की ती गाणं गुणगुणते. एकतीस वर्षं तो मनाशी म्हणत आला होता, बाई सुखात आहे, गाते आहे.

मग त्या वर्षीच्या गाड्यांच्या तपासणीत धूर मोजणाऱ्या माणसानं व्हॅनच्या मागे नळी धरली, आकडा बघितला, यंत्र बिघडलं असं वाटून त्याला दोन चापट्या मारल्या, दुसरं यंत्र आणलं, आणि मग खोकत खोकत सांगितलं, "इंजिन बदला, नाहीतर गाडी भंगारात घाला. तीन महिने देतो."

भोंगा तसाच भाचीच्या गॅरेजात गेला. भाची म्हणजे बायकोच्या बहिणीची मुलगी. लहानपणी खेळणी मोडून बघायची तिला खोड होती, आणि मोठेपणी तिनं त्याचंच दुकान काढलं. मागून चेपलेल्या एका नव्याकोऱ्या मोटारीचं इंजिन तिच्याकडे कोपऱ्यात चादर पांघरून पडलेलं होतं.

"काका, बसवते मी हे," भाची म्हणाली. "पण आधीच सांगते, जुनं काढलं आणि नवं घातलं, असं हे काम नाही. याला टेकायला तुमच्या सांगाड्यात जागाच नाही, ती लोखंड कापून करावी लागेल. गिअरबॉक्सशी याचं तोंड जुळत नाही, मध्ये जाड पट्टी कातून बसवावी लागेल. आणि याला मेंदू आहे."

"काय आहे?" भोंगा गरजला.

"मेंदू! हा डबा बघा. किती डिझेल घ्यायचं, कधी घ्यायचं, सगळं हे इंजिन स्वतः ठरवतं."

"बरं झालं," बायको हळूच म्हणाली. "गाडीत कुणीतरी विचार करणारं हवंच होतं."

भोंग्यानं ते अर्थातच ऐकलं नाही.

काम पाच आठवडे चाललं. जुनं इंजिन साखळीला टांगून वर काढलं, तेव्हा ते तेल गाळत असं लोंबकळत राहिलं, की भोंग्याला बघवेना. त्याच्याखालच्या पत्र्यावर एक चमचा, तीन बटणं आणि धंद्याच्या नवव्या वर्षी हरवलेली बायकोची कात्री सापडली. ही कात्री भोंग्यानंच हरवली, असं बावीस वर्षं घरात गृहीत धरलेलं होतं. त्यानं ती फडक्यानं पुसून बायकोसमोर धरली. ती म्हणाली, "गंजलीय," आणि विषय संपला.

नवं इंजिन आकारानं निम्मं होतं. भाचीनं जुनं उंच खोकं कापून गुडघ्याएवढं केलं आणि त्याला आतून जाड अस्तर लावलं. सुरू करायच्या दिवशी तिनं किल्ली फिरवली. भोंगा कान देऊन उभा राहिला.

"लागलं नाही," तो म्हणाला.

"लागलंय, काका."

"अगं, नाही लागलं!"

भाचीनं त्याचा हात धरून खोक्यावर ठेवला. पत्र्याखाली झोपलेल्या मांजराच्या पोटासारखं काहीतरी हलत होतं. भोंग्यानं हात उचलून पुन्हा ठेवला. मग त्यानं तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी त्यानं हा सगळा खटाटोप केला होता.

"किती वर्षं चालेल?"

"वेळेवर तेल बदललं तर दहा वर्षं कुठे गेली नाहीत."

"दहा वर्षं!" भोंगा बायकोकडे वळला. "ऐकलंस का? अजून दहा वर्षं आपल्याला बघायला नको! अजून दहा वर्षं खुर्च्या!"

बायको डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा चोळत उभी होती. "ऐकलं," ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली आणायला गेली.

नुसतं 'ऐकलं'. भोंग्याला ते खटकलं. तिनं टाळ्या पिटाव्यात अशी त्याची अपेक्षा नव्हती, पण दहा वर्षं म्हटल्यावर माणसाचा चेहरा जरा तरी उजळायला हवा. खरं सांगायचं तर त्याला स्वतःला इंजिनाचं फारसं काही नव्हतं. पलीकडच्या सीटवर ती बसलेली असावी आणि गाडी पुढे जात असावी, याखेरीज त्याला आयुष्यात काही नको होतं. ती नसेल तर नव्या इंजिनाचं काय लोणचं घालायचं?

दुसऱ्या दिवशी दोघं गॅरेजातूनच कामावर निघाले. भोंग्यानं किल्ली फिरवली, काहीच ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा फिरवली, आणि चालू इंजिनात स्टार्टरचे दात घुसून असा करकराट झाला, की भाची हातातला पाना टाकून धावत आली. "काका! एकदा फिरवायची! एकदाच!" भोंगा ओशाळून हसला. पुढच्या वळणाच्या आधी त्यानं तेच आणखी एकदा केलं. एकतीस वर्षांचा हात, त्याला कोण शिकवणार?

गाडी मोठ्या रस्त्याला लागली, आणि कुणीतरी म्हणालं, "खांदे पाड."

भोंग्यानं रेडिओकडे पाहिलं. व्हॅनला रेडिओ नव्हता.

"खांदे पाड रे. स्टिअरिंग काय पळून जाणार आहे? एकतीस वर्षं सांगतेय. आणि हा शर्ट धुवायला टाकलेल्यातला उचलून घातलास ना? मला कळत नाही वाटतं?"

बायको समोरच्या काचेकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

भोंग्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटायचा राहिला. म्हणजे ती गाणी नव्हतीच! आणि 'रे'? घरात, दारात, चारचौघांत जन्मभर त्याला अहो-जाहो करणारी ही बाई, गाडीचं दार लावलं की त्याला अरे-तुरे करत होती? कधीपासून? त्यानं मनातल्या मनात हिशेब घातला आणि पहिल्या दिवसापासून असं उत्तर आलं.

याच वेळी त्यानं "मला ऐकू येतंय" म्हणायला हवं होतं. कुठल्याही सरळ माणसानं म्हटलं असतं. पण मग कानांचं सगळं बिंग फुटलं असतं. शिवाय, खोटं कशाला बोला, त्याला मजाही वाटायला लागली होती. त्यानं चेहरा दगडासारखा ठेवला आणि खांदे तेवढे हळूच पाडले.

पुढचे आठ दिवस भोंग्याची चैन होती. बायकोच्या तोंडाचा पट्टा गाडी सुटली की सुरू होई आणि गाडी थांबली की बंद. तो कसा जेवतो, कसा घोरतो, गिऱ्हाइकापुढे कसा गोगलगाय होतो, सगळं निघे. एकदा ती म्हणाली, "लोक याला वेडपट म्हणतात. आहेच वेडपट. पण त्या दवाखान्याच्या जिन्यात माझा पाय मुरगळला, तेव्हा मला खुर्चीसकट उचलून खाली आणलं यानं. आणि वर विचारतो काय, तर खुर्चीला लागलं नाही ना." भोंग्याला हसू आवरेना. त्यानं खोकल्याचं सोंग केलं आणि गाडी जरा रस्त्याच्या कडेला गेली.

नवव्या दिवशी सकाळी बायको आपला अंगठा चोळत बसली. मग ती म्हणाली, "या वर्षानंतर बस झालं."

भोंग्याचे पाडलेले खांदे पुन्हा वर गेले.

"सांगायलाच हवं याला. बोटं ऐकत नाहीत आता. संध्याकाळी कप धरवत नाही. या वर्षानंतर..."

भोंग्यानं हॉर्न दाबला. समोर रस्ता मोकळा होता. पार टोकाला एक कुत्रं झोपलेलं होतं, तेही उठलं नाही. त्यानं हॉर्न चांगला दाबून धरला, आणि सोडला तेव्हा बायको गप्प झालेली होती.

पुढचं वाक्य त्याला ऐकायचंच नव्हतं. या वर्षानंतर मी घरी बसणार, तुझी गाडी तू चालव, असंच ते असणार. दुसरं काय असतं? जोवर ते कानावर पडत नाही तोवर ते बोललं गेलेलं नाही, असा त्यानं सोयीस्कर कायदा काढला. मग रोजचंच झालं. बायकोनं "या वर्षानंतर" म्हटलं, की भोंगा हॉर्न तरी मारी, नाहीतर कोरड्या काचेवर वायपर तरी फिरवी, नाहीतर बेसूर आवाजात असं गाणं तरी ओरडे, की रस्त्यावरची माणसं मागे वळून बघत.

याची त्याला लाजही वाटत होती. बायको दोन्ही हातांनी कप धरते हे त्याला आता दिसायला लागलं होतं. ते त्याआधीही दिसण्यासारखं होतं. तिला न विचारता तो वेत कोमट पाण्यात जास्त वेळ भिजत घालू लागला, म्हणजे पट्ट्या मऊ पडतील. बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवू लागला. पण थांबू या, हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. पलीकडची सीट रिकामी, तिच्यावर वेताची मोळी ठेवलेली आणि आपण एकटेच चाललोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं, की तो उठून आणखी एक झाकण सैल करून ठेवी.

बायको विणणारी होती. एक पट्टी चुकीच्या भोकातून गेली तर न बघता तिच्या बोटांना कळे. तिनं गाडीत म्हटलं होतं, याच्या मानेवर जंगल वाढलंय. दुसऱ्या दिवशी हा मान भादरून आला. तिनं म्हटलं, निळा शर्ट याला बरा दिसतो. हा चार दिवस ओळीनं निळ्या शर्टात. आणि तो हॉर्न नेमक्या एकाच वाक्याला वाजतो, हे चौथ्या-पाचव्या वेळी तिच्या ध्यानात आलं. तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

एका दुपारी एका शाळेच्या अठरा खुर्च्या घेऊन व्हॅन चढ चढत होती. बायको काचेबाहेर बघत, रोजच्याच सपाट आवाजात, स्वतःशीच म्हणाली, "मागचं दार उघडं राहिलंय. पडतायत खुर्च्या एकेक."

भोंग्यानं करकचून ब्रेक मारला, हातब्रेक ओढला, उडी टाकली आणि मागे धावला.

दार बंद होतं. कडी जिथल्या तिथे होती. त्यानं दार उघडून बघितलं. अठराच्या अठरा खुर्च्या पाय वर करून शांत पडल्या होत्या. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो कडीला धरून तिथेच उभा राहिला. खुर्च्या त्याला या प्रसंगातून सोडवतील अशी काही आशा नव्हती, पण तरी त्यानं त्या एकदा मोजल्या.

तो परत येऊन दारात उभा राहिला, तेव्हा बायको बुटक्या खोक्यावरून सरळ त्याच्याकडे बघत होती. जुनं उंच खोकं असतं तर निदान त्यामागे तोंड लपवता आलं असतं.

"कधीपासून ऐकू येतंय तुम्हाला?"

"आँ?" भोंग्यानं कानामागे हात नेला.

"तो हात खाली घ्या."

भोंग्यानं हात खाली घेतला. "नव्या इंजिनाच्या पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. एवढ्या लहान आवाजात तो जन्मात बोलला नव्हता.

"आणि कान?"

"कान तसे... पहिल्यापासून ठीकच आहेत."

बायकोचा चेहरा लालबुंद झाला. "एकतीस वर्षं मी घसा फोडून तुम्हाला जेवायला हाका मारतेय! शेजारीण मला भांडकुदळ समजते! माझी सख्खी बहीण म्हणते, जरा हळू बोलत जा गं नवऱ्याशी!"

"ते ऐकलंय मी," भोंगा म्हणाला, आणि आपण हे बोलायला नको होतं हे त्याला लगेच कळलं.

एक ट्रक घरघरत चढ चढून गेला. मग तिनं विचारलं, "हॉर्न का वाजवत होतात?"

आता लपवण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. "तू बस झालं म्हणायचीस," भोंगा म्हणाला. "ते मला ऐकायचं नव्हतं. तू शेजारी नसशील तर मला ही गाडी नको आणि इंजिनही नको. पण बोटं दुखतात तुझी, तेही ऐकलं मी, आणि ऐकून हॉर्न वाजवला. वाईट केलं. तुला घरी बसायचं असेल तर आपण थांबू. आजच भाचीला सांगतो, गाडी कुणाला तरी देऊन टाक म्हणून."

"घरी बसायचंय असं कोण म्हणालं?"

"तूच! या वर्षानंतर बस झालं, म्हणून."

"पुढचं ऐकलंत कधी?"

भोंग्यानं नकारार्थी मान हलवली.

"आत्ता ऐकणार?"

त्याचा हात दारातूनच नकळत हॉर्नकडे गेला. बायकोनं खोक्यावर ओणवं होऊन त्याचं मनगट धरलं. दुखऱ्या बोटांनी धरलं, पण असं धरलं, की सुटायची सोय नव्हती.

"या वर्षानंतर बस झालं खुर्च्यांचं," ती म्हणाली. "मागच्या फळ्या काढायच्या. तिथे गादी टाकायची, एक स्टोव्ह ठेवायचा, आणि जायचं. एवढी गावं फिरलो आपण, आणि प्रत्येक गावाचं फक्त मागचं दार बघितलं. कचऱ्याचे डबे आणि मोडक्या खुर्च्या. मला एकदा पुढच्या दारानं जायचंय. कुणाच्या तरी चांगल्या खुर्चीत बसून चहा प्यायचाय. तुमच्याबरोबर. हे तोंडावर सांगायची लाज वाटत होती, लोक म्हणतील, या वयात हे कसलं खूळ. म्हणून गाडीत म्हणून बघत होते, सवय व्हायला. आणि दर वेळी तुम्ही पों करत होतात!"

भोंग्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला मनगट मोकळं नव्हतं, म्हणून त्यानं ते तसंच राहू दिलं. काहीतरी मोठं बोलावं असं त्याला फार वाटलं, पण जे आलं ते वेगळंच आलं.

"गाडीत तू मला 'अरे' म्हणायचीस," तो म्हणाला. "ते आता बंद होणार का?"

बायकोनं मनगट सोडलं, पदर सारखा केला आणि काचेकडे तोंड करून बसली. भोंगा मुकाट्यानं आत चढला. हातांना काहीतरी काम हवं होतं. त्यानं दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवली. अख्ख्या चढावर ऐकू जाईल असा करकराट झाला. मागे अठरा खुर्च्या थरथरल्या.

"अरे, चालूच आहे रे," बायको म्हणाली.